सगळे ट्रॅक बंद केल्यावर

सुट्टीच्या दिवशी दुपारी आमच्या घरातला फ्रीज बंद असतो. पंखाही बंद, खिडक्याही बंद. न्हाणीघरातल्या गळक्या नळाखाली बादली ठेवून तिच्यात फडकं टाकायचं, म्हणजे थेंब पडल्याचं कळत नाही. शेजारचे सुतारकाका जेवून आडवे झाले की लेक कपाटाचं दार उघडते, आत लटकणाऱ्या कपड्यांत तोंड खुपसते आणि गाते. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं होतं. तिचे बाबा म्हणाले, "घाबरू नकोस. लग्नाला नाही म्हणाली तेव्हाच मला वाटलं होतं, हिचं कपाटाशी जमलंय."

ते गाडी चालवायला शिकवतात. लेक गाणी ज्यावर रेकॉर्ड करते तो टॅब मुळात त्यांचा, शिकाऊ लोकांना रस्त्यावरच्या खुणा दाखवायला घेतलेला. एका विद्यार्थ्याने तो गाडीच्या टपावर ठेवला आणि गाडी चालू केली. कोपरा तडकला. बाबांनी नवा घेतला आणि हा लेकीला दिला. अजूनही तो सुरू केला की पहिल्यांदा हॉर्न वाजवू नका ही खूण येते. ती तिने मुद्दामच ठेवली आहे.

त्या तडकलेल्या टॅबवर ती एकटी पाच जणींचा वाद्यवृंद चालवते. आधी नुसती टिकटिक लावते. ती कानात ऐकत गिटार वाजवते, तो एक ट्रॅक. मग गिटार कानात ऐकत गाते, तो दुसरा. मग स्वतःच्याच गाण्याला वरून साथ देते. मग पत्र्याच्या डब्यावर बोटं. सगळ्यात शेवटी औषधाच्या रिकाम्या बाटलीत मूठभर तांदूळ घालून केलेला खुळखुळा. पडद्यावर एकाखाली एक रंगीत पट्टे दिसतात आणि प्रत्येकाला आवाज कमीजास्त करायची स्वतःची दांडी. एका दिवसात गाणं होत नाही. एका सुट्टीला एकच थर, फार तर दीड. मला ते ऐकताना गंमत वाटायची. एक लेक विचारतेय, दुसरी उत्तर देतेय, तिसरी मागे काहीतरी कुरकुरतेय. घरात एकच असताना सुद्धा मला पुरेशी काळजी होती.

बाकीचे दिवस ती बाटल्यांच्या कारखान्यात असते. बाजारातून परत आलेल्या काचेच्या बाटल्या तिथे धुतात आणि पुन्हा भरतात. पट्ट्यावरून बाटल्या येतात, मागे पांढरा दिवा, समोर लेक. तडा गेलेली, तळाला काही चिकटलेली बाटली दिसली की उचलून बाजूला टाकायची. डोळ्याचं काम आहे, ती सांगायची. पण मी एकदा तिला डबा द्यायला गेले होते तेव्हा दारातूनच परत फिरावंसं वाटलं. रिकाम्या काचा एकमेकींवर आपटत येत होत्या. तो आवाज कानात जात नाही, दातांत जातो. तिथल्या बाया एकमेकींशी बोलतच नाहीत, भुवया उडवतात.

कारखाना कानात घालायला पिवळे बोळे देतो आणि वरून लावायला मोठ्या वाट्या. लेकीने वाट्या ठेवल्या आणि बोळे काढले. बोळ्यांच्या जागी तिने बारीक इअरफोन घातले. वायर केसांतून, कॉलरच्या आतून खिशातल्या फोनपर्यंत. सुट्टीला केलेला थर ती पाळीभर ऐकायची आणि पुढच्या सुट्टीला वर काय चढवायचं ते पट्ट्यासमोर उभी राहून ठरवायची. काचांच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज शेवटपर्यंत. तिला वाटायचं, बोळे काय, इअरफोन काय, कान बंद झाल्याशी कारण. वर वाट्या आहेतच. मला तिने हे सांगितलं होतं, मोठ्या हुशारीने सांगितलं होतं. "आई, कंपनी मला गाणं ऐकायचा पगार देते." आम्ही सगळे हसलो होतो.

तिच्या बाजूला झाकणांचं मशीन चालवणारी एक बाई आहे. तिला सगळे झाकणवालीच म्हणतात, आमच्या घरीही. लेकीपेक्षा मोठी आणि तोंडाने फटकळ. ती जेवणाच्या सुट्टीत लेकीचा इअरफोन ओढून स्वतःच्या कानाला लावायची आणि म्हणायची, "ताई, हे तुमचं रडगाणं एवढं मोठ्याने कशाला? मेलेला माणूसपण उठून बसेल." मग तीच म्हणायची, "पुढचं झालं की आणा."

पहिल्यांदा बोलले ते तिचे बाबा. नव्या गाण्याचा सगळा गोळा तिने आम्हाला ऐकवला. गिटार छान होती, आवाजही. पण वर तो खुळखुळा असा काही होता की मी कपाळावर हात नेला. कोणीतरी ताटलीवर चमचा खरवडत असावं तसा.

"टिकटिक," बाबा म्हणाले. ते तिला लहानपणापासून टिकटिक म्हणतात, कारण जेवताना ताटावर, अंघोळीला बादलीवर, सगळीकडे तिची बोटं चालायची. "गाणं चांगलं आहे. फक्त कोणीतरी सारखं ब्रेक दाबतंय."

"कुठे?"

"सगळीकडेच."

"खुळखुळा? बाबा, तो ऐकूच येत नाहीये नीट. मी अजून वाढवणार आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जरा कमी कर गं. टोचतोय."

"तुमच्या कानांना सवय नाही," ती म्हणाली आणि टॅब घेऊन आत गेली.

त्यानंतर मी तिच्यावर लक्ष ठेवायला लागले. काळजी करणाऱ्या बाईला एक धागा मिळाला की ती अख्खं कापड उसवते. तिची जुनी गाणी टॅबवर होतीच. ती कामावर गेली की मी एकेक लावून ऐकायचे, जुन्याकडून नव्याकडे. सगळ्यात जुन्यात खुळखुळा पानांसारखा सळसळत होता, लक्ष दिलं तर कळेल इतकाच. पुढच्यात जरा वर. त्याच्या पुढच्यात आणखी. नव्यात सुया. तिने खुळखुळ्याची दांडी दरवेळी थोडी वर नेली होती आणि दरवेळी तिला ते जेमतेम पुरलं होतं. घरातही बारीकसारीक दिसायला लागलं. कपडे धुवायचं मशीन संपल्यावर पिपाणी वाजवतं, ती शेजारी उभी राहून वाट बघायची. मी पाठीमागून बोलले की "काय?" आणि मी समोर आले की तेच बोलणं लगेच समजायचं.

मी म्हटलं, कान दाखवून येऊ.

"दरवर्षी दाखवते," ती म्हणाली. कारखान्यात दरवर्षी कान तपासतात. छोट्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. "आई, आमच्या पाळीत सगळ्यात चांगला निकाल माझा येतो. साहेबांनी इतरांना दाखवला होता." ते खरंच होतं.

मग ती सुट्टीची दुपार आली. फ्रीज बंद, पंखा बंद. मी स्वयंपाकघरात हालचाल न करता बसले होते. आतून गाण्याचा आवाज येईना. बऱ्याच वेळाने तिने हाक मारली.

"आई, फ्रीज चालू आहे का?"

"नाही."

"मग हे काय वाजतंय? ट्रॅकमध्ये कुठेतरी शिट्टी शिरलीय. बारीक. सापडत नाहीये."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती हेडफोन लावून पलंगावर बसली होती आणि एकेक ट्रॅक बंद करून शिट्टी शोधत होती. खुळखुळा बंद केला, मान हलवली, आहे. डबा बंद केला. वरचा आवाज बंद केला. खालचा. गिटार. शेवटी टिकटिक राहिली, तीही बंद केली. पडद्यावरचे सगळे पट्टे राखाडी झाले. एक रेघ नुसती पुढे सरकत होती, काहीही न वाजवता.

"अजून आहे," ती म्हणाली. "टॅब गेला वाटतं."

तिने हेडफोनची वायर उपटली. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले. आणि ती तशीच बसून राहिली, मान किंचित तिरकी करून. खोलीत काहीही वाजत नव्हतं. मला तिचा चेहरा दिसत होता. शिट्टी टॅबमध्ये नाही हे तिला कळलं ते मी पाहिलं, आणि मला ते पाहायचं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरबाई वयस्कर होत्या, बोलायला सावकाश. लेकीला काचेच्या खोलीत बसवलं आणि मला बाहेर त्यांच्याजवळ खुर्ची दिली. लेकीने बटण दाबलं की आमच्या बाजूला दिवा लागायचा. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. डॉक्टरबाई आवाज सोडत, दिवा लागे. मग त्यांनी बारीक, उंच आवाज सुरू केले. तरी दिवा लागत होता. मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी हात मशीनवरून उचलला आणि मांडीवर ठेवला. दिवा लागला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. पुन्हा. आत लेक डोळे मिटून बसली होती आणि अंगठा दाबत होती, एकेका आवाजाला, जे आवाज कोणी सोडलेच नव्हते.

डॉक्टरबाईंनी दार उघडून विचारलं, "तुम्ही काय वाजवता?"

"म्हणजे?"

"वाद्य. तुमची लय फार पक्की आहे. मी सारख्या अंतराने आवाज देत होते. तुम्ही ते अंतर पकडलंत आणि आवाज गेल्यावरही मोजत राहिलात."

लेक म्हणाली, "मला ऐकू येत होतं."

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला वाटत होतं. मी आता कधीही देते, अंतर न ठेवता."

दुसऱ्या वेळी दिवा फार कमी लागला.

निकालाची रेघ डावीकडून, खालच्या सुरांपासून, सरळ यायची आणि उजवीकडे उंच सुरांपाशी कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली पडायची. दोन्ही कानांची. कामाचं ऐकून घेतल्यावर डॉक्टरबाईंनी इअरफोनचं विचारलं. लेकीने सांगितलं, तेव्हा हुशारी नव्हती आवाजात.

"आवाज अडवायच्या जागी तुम्ही आणखी आवाज घातलात," त्या म्हणाल्या.

"पण ते गाणं होतं."

"कानाच्या आत जे बारीक केस असतात ना, त्यांना गाणं आणि काच यातला फरक कळत नाही. गेले ते परत येत नाहीत. राहिलेत ते राखा. त्या पट्ट्यासमोरून दूर व्हा. आज उद्या नाही, आजच."

राहिलेत ते राखायचे. त्या दिवसापासून घरात एवढी एकच गोष्ट होती.

कारखान्यातले सुरक्षा अधिकारी वाईट माणूस नव्हते, हे लेकच सांगते. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग तिचे मागच्या सगळ्या वर्षांचे निकाल टेबलावर ओळीने मांडले. एकापेक्षा एक सरळ रेघ.

"ताई, या इमारतीत सगळ्यात निरोगी कान तुमचे आहेत."

"मी मोजत होते, साहेब. ऐकत नव्हते."

"मुद्दाम?"

"नाही. मला कळलंच नाही."

"मग मी वर काय सांगू? बाईंनी आम्हाला इतकी वर्षं फसवलं, पण न कळत? तुम्ही फसवलंत म्हटलं तर तुमची नोकरी जाईल, आणि नाही फसवलंत म्हटलं तर तुम्ही ठणठणीत आहात. बाहेरच्या डॉक्टरचा कागद मला चालत नाही. आमच्या मशीनवर नापास व्हा, लगेच बदली करतो. पण दोनदा तपासणार. लाइनवरून सुटायला बहिरेपणाचं सोंग करणारे खूप येतात. दोन्ही रेघा जुळल्या पाहिजेत."

तिला लगेचच त्या खोलीत बसवलं. मशीन तेच जुनं, आपोआप चालणारं, ठरल्या अंतराने आवाज सोडणारं. घरून ठरवून गेली होती की खरंच ऐकू आलं तरच दाबायचं. खालचे आवाज आले, तिने दाबलं. मग ते विरत गेले आणि अंगठा चालूच राहिला. ती म्हणाली, "आई, मी त्याला थांबवत होते. पण आवाज आला असं आतून वाटायचं. अगदी आवाजासारखंच वाटतं ते."

ती पास झाली. उत्तम पास झाली. अधिकारी म्हणाले, "बघा," आणि पुढची तपासणी आता पुढच्या महिन्यात.

तो महिना ती पट्ट्यासमोर उभी राहिली. कानात बोळे, वर वाट्या, खिशात फोन नाही. घरी आली की कानावर हात ठेवून बसायची. मी दारं हळू लावायचे, भांडी एकेक करून ठेवायचे, जणू त्याने काही होणार होतं. मी म्हटलं, सोड नोकरी. ती म्हणाली, "आणि दुसरीकडे कुठे जाऊ? तिथेही मशीनच असणार, आणि तिथे तर मी नवीन असणार."

मग एका सुट्टीला तिने फ्रीज बंद केला. मला वाटलं, गाणार. ती टॅब घेऊन बसली आणि एका ट्रॅकवर कारखान्याच्या मशीनसारखे आवाज ठरल्या अंतराने घातले, हळूहळू विरत जाणारे. तो ऐकत ती बटणाऐवजी पेन धरून बसायची, आणि पायाच्या अंगठ्याने दुसरीच लय धरायची, सातची, मशीनच्या लयीत कुठेच न बसणारी, म्हणजे मशीनचं अंतर मोजायला डोकं मोकळं राहणार नाही. मशीन चार म्हणतंय तेव्हा हिचा पाय सात म्हणतोय. सुरुवातीला पाय हरायचा. मशीन त्याला ओढून आपल्या मागे न्यायचं.

बाबा दारातून बघत होते. "नापास व्हायची शिकवणी," ते म्हणाले. "माझ्याकडचे सगळे हे न शिकता होतात."

"बाबा, जरा गप्प बसाल?"

"बसतो. पण पाय क्लचवर ठेवल्यासारखा नको ठेवू. पूर्ण उचल, मग ठेव."

तिने पाय पूर्ण उचलला. त्याने जमलं. बाबा बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. आधीच पुसलेली होती.

पुढच्या महिन्यात ती चप्पल काढून त्या खोलीत बसली. टेबलाखाली पाय सातची लय धरून आणि हाताचा अंगठा मोकळा. आवाज विरत गेले आणि अंगठा थांबला. दोनदा तपासलं. दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या, एकाच जागी कड्यावरून खाली. डॉक्टरबाईंच्या रेघेपेक्षा आणखी थोड्या डावीकडे. म्हणजे तो महिना फुकट गेला नव्हता, कानांनी त्याचं मोल दिलं होतं.

अधिकाऱ्यांनी शब्द पाळला. तिला लेबलांच्या गोदामात टाकलं. कागदाचे गठ्ठे, वर एक बल्ब, बाकी कोणी नाही. निरोप द्यायला झाकणवाली आली.

"चाललात बाई आम्हाला सोडून कागदांत. तिकडे तुमचं रडगाणं कोणाला ऐकवणार?"

"तूही तपासून घे कान. नीट. बाहेर."

"मी तर कधीचीच बहिरी आहे," झाकणवाली म्हणाली. "तो तपासणारा पोरगा चष्मा लावतो ना, त्याच्या काचेत मशीनचा दिवा दिसतो, आवाज सोडला की लाल होणारा. लाल झाला की दाबते."

"अगं, मग सांगत का नाहीस? बदली करतात."

"तुम्हाला केली. तुम्ही कायमच्या आहात. मला ठेकेदार फाटकापर्यंत सोडेल, तेही दया आली तर." मग ती हसली म्हणे. "तुमचं ते पायाचं शिकवू नका मला. मला पासच व्हायचंय."

हे सांगताना लेक ताटावर बोटं वाजवत नव्हती. ती आता जेवताना वाजवत नाही.

गोदाम शांत आहे. एवढं शांत की शिट्टी दिवसभर ऐकू येते. स आणि श तिच्या ऐकण्यातून गळतात, झाडावरचे पक्षी तिच्यासाठी केव्हाच उडून गेलेत, पण खालचं सगळं अजून आहे. माझा आवाज आहे. बाबांचा तर आहेच. गिटारच्या जाड तारा आहेत. डॉक्टरबाई म्हणतात तेवढं टिकलं तर चांगलं म्हणायचं. मी रोज सकाळी तिला पाठीमागून हाक मारते, काहीतरी निमित्त काढून, आणि ती वळेपर्यंत तिथून हलत नाही. तिला हे माहीत आहे. कधी कधी ती मुद्दाम उशिरा वळते आणि म्हणते, "पास?"

काल सुट्टी होती. फ्रीज बंद, बादलीत फडकं. तिने नवीन गाण्याचे चार थर केले आहेत, सगळे खालच्या सुरातले. मग मला बोलावून हातात तांदळाची बाटली दिली.

"मला काय येतंय?" मी म्हटलं.

"मला तरी कुठे येतंय आता? तू ऐक आणि हलव. टोचेल इतकं नाही. टोचणं तुला कळतं."

एक इअरफोन माझ्या कानात आणि एक तिच्या, अशी मी कपाटात तोंड घालून बाटली हलवायला लागले. ती माझा ट्रॅक कसा उमटतोय ते पडद्यावर बघत होती. प्रत्येक हालचालीला बारीक टेंगूळ उमटत होतं. मध्येच तिने सगळं थांबवलं. "आई, मागे पडतेयस. बघ, ही रेघ इथे हवी." पुन्हा घेतलं. पुन्हा मागे. डोळ्यांनी ती इतकं अचूक पकडत होती की मला तिची भीती वाटली. तिसऱ्यांदा मला लय सापडली. हात आपोआप चालायला लागला. मी वळून पाहिलं तर तिने टॅब मांडीवर पालथा ठेवला होता आणि डोळे मिटले होते, पूर्वी मिटायची तसे.

गाणं तिच्या कानात पुढे जात होतं. तांदूळ माझ्या हातात वाजत होते.

"आई," ती डोळे न उघडता म्हणाली, "थांबलीस का?"

मी थांबले नव्हते.

"पुन्हा घेऊ," मी म्हटलं. "तू बघत राहा."